भाग ४१ : नानांचं तोंड वाकडं झालं आणि आम्ही चार दिवस घालवले

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी या भागाचा पूर्ण मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.)

नेहमीप्रमाणे वाघोलीतून, आमच्या घरातल्या त्याच कपाटाशेजारून बोलतोय. मागे एखाद्या डंपरचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या. नगर रोडवर राहणाऱ्याच्या पॉडकास्टमध्ये हॉर्न येणारच.

आजचा भाग नेहमीसारखा नाही. एरवी आपण नोकरी, पैसे, ॲप्स यावर बोलतो. आज एका आजारावर बोलायचंय, धनुर्वातावर. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या मनात आत्ता आलं असेल, की हा आजार अजून होतो का? टीटीचं इंजेक्शन असतं ना? मलाही तेच वाटायचं. मी बीटेक झालेला, रोज आठ तास लोकांच्या कोडमधल्या चुका शोधणारा माणूस. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर हा आजार चार दिवस होता आणि मला तो दिसला नाही.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. नानांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मी शंभर प्रश्न विचारले, नंतर बरंच वाचलं, आणि त्यातलं जे पक्कं आहे तेवढंच सांगणार आहे. हे ऐकून घरी कुणी उपचार करायचे नाहीत. ओळखायचं आणि पळायचं, एवढंच आपलं काम.

नाना कोण

नाना म्हणजे माझे मोठे चुलते. बाबा गेले तेव्हा मी अकरावीत होतो. पुढे इंजिनिअरिंगची फी नानांनी भरली, दुधाच्या पैशांतून. आम्ही मूळचे वाघोलीचेच. बकोरी रोडच्या बाजूला आमचं थोडं रान होतं, त्यातलं आता फार उरलं नाही. पण गोठा आहे. पुढे बारा-बारा मजल्यांचे टॉवर आणि मागे नानांच्या चार म्हशी. सकाळी सहा वाजता नाना त्याच टॉवरमध्ये दूध घालतात. वय बासष्ट. बीपी नाही, शुगर नाही. सुपारी मात्र सुटत नाही, तोंडात कायम असते.

एका रविवारी गोठ्यात वाकून वर येताना शेडच्या पत्र्याची कड त्यांना उजव्या भुवईवर लागली. बोटाच्या पेराएवढी चीर. काकूंनी हळद दाबली, रक्त थांबलं, नाना दूध घालायला गेले. मला तर हे कुणी सांगितलंसुद्धा नाही. सांगण्यासारखं काही होतंच कुठे?

शुक्रवार ते मंगळवार

शुक्रवारी सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या बाजूने गळायला लागलं. चहा पिताना तेच. काकूंनी बघितलं तर तोंड डावीकडे ओढल्यासारखं, उजवा डोळा नीट मिटत नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, "वारं गेलंय. रात्री पंख्याखाली झोपले असतील." आमच्याकडे तोंड वाकडं झालं की पहिलं वाक्य हेच.

एका दवाखान्यात नेलं. नाव घेत नाही, कारण मला त्यांना दोष द्यायचा नाहीये. त्यांनी सांगितलं की चेहऱ्याच्या नसेला सूज आहे, याला बेल्स पाल्सी म्हणतात, बहुतेकांचं आपोआप बरं होतं. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायचे थेंब दिले. तसं बघितलं तर अंदाज चुकीचा नव्हता. तोंड वाकडं होऊन आलेल्यांपैकी बहुतेकांना खरंच बेल्स पाल्सी असते.

रविवारी नानांना भाकरी चावेना. दुधात कुस्करून खाल्ली. काकूंना वाटलं, तोंड वाकडं आहे म्हणून.

सोमवारी दुपारी नानांचा मला फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो, म्यूट करून उचलला. नाना म्हणाले, "बाळा, जबडा धरलाय रे. तोंड उघडंना." आणि मी काय म्हणालो माहितीये? "नाना, ती सुपारी सोडा आधी. कितीदा सांगितलंय तुम्हाला." मग डेंटिस्टची बुधवारची अपॉइंटमेंट घेतली, स्क्रीनशॉट काकूंच्या मोबाइलवर टाकला आणि परत मीटिंगमध्ये गेलो. आपण काळजी घेतली असंही वाटलं.

सुपारीचं माझं लॉजिक अगदीच हवेतलं नव्हतं. सुपारी, गुटखा खाणाऱ्यांच्या गालाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते, तोंड कमी कमी उघडतं. आपल्याकडे हे खूप दिसतं. पण ते महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालतं. नानांचं तोंड गुरुवारपर्यंत व्यवस्थित उघडत होतं. चार दिवसांत बंद होणारा जबडा सुपारीचा नसतो. हा साधा प्रश्न, "कधीपासून?", मी विचारलाच नाही. ऑफिसमध्ये काही बिघडलं की पहिला प्रश्न मी हाच विचारतो.

मंगळवारी संध्याकाळी पाणी पिताना नानांना जोरात ठसका लागला. मान मागे ताठ. शब्द दातांतून गाळून आल्यासारखे. काकू फोनवर रडत म्हणाल्या, "अरे, दातखीळ बसल्यागत बोलतायत हे."

लाकडी पट्टी

रात्री साडेनऊला आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत होतो. तिथे एक तरुण डॉक्टर होत्या, माझ्यापेक्षाही लहान असतील. त्यांनी फाइल बघितली, त्यावर बेल्स पाल्सी लिहिलेलं होतं. त्यांनी विचारलं, "जखम कुठे झाली होती?" आम्ही म्हणालो, जखम नाही. त्यांनी स्वतः नानांची टोपी काढली. भुवईवर वाळलेली खपली होती, कडेला हळदीचा पिवळा डाग. "ही कधीची?" काकू म्हणाल्या, "ते होय, ते तर खरचटलंय."

मग त्यांनी जीभ दाबायची लाकडी पट्टी घेतली आणि दातांच्या फटीतून सरकवून घशाच्या मागच्या भागाला हलकेच लावली. तुम्हा-आम्हाला असं केलं तर उबळ येते, आपण पट्टी बाहेर ढकलतो. नानांचा जबडा मात्र त्या पट्टीवर कडकन मिटला. चावायचं नसताना त्यांनी ती चावली.

डॉक्टर सिनिअरांना फोनवर एवढंच म्हणाल्या, "सर, सेफॅलिक टेटॅनस वाटतोय."

या पट्टीच्या चाचणीला स्पॅच्युला टेस्ट म्हणतात, आणि ती आपल्या मुंबईची आहे हे मला नंतर कळलं. परळच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. आपटे आणि डॉ. दिलीप कर्नाड यांनी धनुर्वाताचा संशय असलेल्या ४०० रुग्णांवर ही चाचणी करून १९९५ मध्ये निष्कर्ष छापले. खरंच धनुर्वात असलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के लोकांनी पट्टी चावली. ज्यांना धनुर्वात नव्हता त्यांच्यातल्या एकानेही चावली नाही. दोन-पाच रुपयांची लाकडी पट्टी, आणि जगभरचे डॉक्टर ही चाचणी शिकतात. पण घरी कुणाच्या घशात चमचा घालून बघू नका. हे हॉस्पिटलमध्येच करायचं, कारण उबळ श्वासनलिकेवर गेली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

एवढी साधी चाचणी महत्त्वाची का? कारण धनुर्वात पक्का सांगणारी रक्ताची तपासणी नाही. एमआरआयमध्ये तो दिसत नाही. जखमेतला नमुना लॅबमध्ये वाढवला तरी बऱ्याचदा जंतू सापडत नाही. निदान होतं ते माणसाकडे बघून, त्याला प्रश्न विचारून.

शरीरात नेमकं काय होतं

धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, शेणात असतो, रस्त्याच्या धुळीत असतो. क्लॉस्ट्रिडियम टेटॅनी त्याचं नाव. त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात. नुसत्या उकळत्या पाण्यानेही ते मरतील याची खात्री नसते. गंजलेल्या लोखंडाने धनुर्वात होतो असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण गंजाचा तसा काही दोष नाही. खिळ्यावर माती असते आणि खिळा खोल जातो, म्हणून खिळा बदनाम. या जंतूला हवा नको असते. खोल, बंद, मेलेली कातडी असलेली जखम त्याला बरी पडते. पण खरचटण्यातूनही तो शिरू शकतो, आणि कित्येक रुग्णांत तर जखम सापडतच नाही.

जंतू जखमेतच बसून राहतो. तो एक विष तयार करतो आणि ते विष नसांमधून मज्जारज्जू आणि मेंदूच्या खोडाकडे चढतं. आता माझ्या भाषेत सांगतो. आपल्या स्नायूंना दोन प्रकारचे मेसेज जातात, "आवळ" आणि "आता बास". हे विष "आता बास" वाले मेसेज अडवतं. पाठवणाऱ्या पेशी जिवंत असतात, पण त्यांचा मेसेज सुटतच नाही. मग "आवळ" चालू राहतं. जबड्याचा स्नायू दाबून राहतो, म्हणून दातखीळ. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा ताकदवान, म्हणून शरीर मागे धनुष्यासारखं वाकतं, म्हणून धनुर्वात. जुन्या लोकांनी नाव बघून ठेवलंय.

आणि सगळ्यात वाईट भाग. माणूस पूर्ण शुद्धीत असतो. फिटमध्ये बहुतेकदा शुद्ध हरपते, इथे नाही. दार आपटलं, कुणी हात लावला, लाइट लागला, की सगळं अंग आवळतं आणि त्याला प्रत्येक कळ जाणवते.

धनुर्वात जसा पुस्तकात असतो, तसाच येत नाही

आजचा मुख्य मुद्दा हा. सिनेमात वगैरे दाखवतात तसा माणूस कमानीसारखा वाकला, की कुणीही ओळखेल. तोपर्यंत उशीर झालेला असतो. मोठ्या माणसांमध्ये सुरुवात बऱ्याचदा वेगळीच दिसते.

पहिला प्रकार नानांचा. डोकं, चेहरा, कान इथल्या जखमेतून किंवा वाहत्या कानातून आलेला धनुर्वात. यात जखमेच्या बाजूची चेहऱ्याची नस लुळी पडते आणि सगळ्यांना लकवा किंवा बेल्स पाल्सी वाटते. फरक इतकाच, की बेल्स पाल्सीत जबडा उघडतो. तोंड वाकडं आणि वर जबडाही घट्ट, ही जोडी दिसली तर थांबायचं नाही. हा प्रकार बऱ्याच रुग्णांत पुढे सगळ्या अंगात पसरतो.

दुसरा, फक्त एकच हात किंवा पाय कडक होणं. जखम पायाला आणि त्याच पायाच्या पोटरीत सतत गोळे. लोक बाम चोळतात, मालिश करतात. कधी तो तिथेच थांबतो आणि काही आठवड्यांनी ओसरतो. कधी ती पुढच्या मोठ्या दुखण्याची सुरुवात असते.

तिसरा, पोट. पोट फळीसारखं कडक, दुखतंय. अपेंडिक्स असेल, आतडं फुटलं असेल असं वाटतं. चौथा, पाठ आणि मान. कामाने आखडली, गादी बदलायला हवी, असं म्हणून आपण पेनकिलर घेतो. पाचवा, गिळता न येणं. घास अडकतो, पाण्याने ठसका लागतो. आमच्या भागात भटकी कुत्री इतकी, की पहिली शंका रेबीजची येते. तीही गंभीरच, म्हणून दोन्हीत घरी बसायचं नाहीच.

सहावा, दात. जबडा धरला की माणूस आधी डेंटिस्टकडे जातो. अक्कलदाढ सुजली तरी तोंड उघडत नाही, हे खरं. पण दाढेत काही नाही आणि तोंड उघडत नाही, असं असेल तर चांगला डेंटिस्टच तुम्हाला पुढे पाठवेल.

डॉक्टरांना आणखी दोन-तीन गोष्टी बाजूला काढाव्या लागतात. उलटीच्या काही औषधांनीही जबडा, मान वाकडी होते, पण ते योग्य इंजेक्शनने पटकन सुटतं. कॅल्शियम फार कमी झालं तर हातापायात गोळे येतात. कुचल्याच्या विषबाधेतही असेच झटके येतात. म्हणून डॉक्टर विचारतात, "काय औषध घेतलं? काढा घेतला का?" तेव्हा लाजून लपवू नका.

घरी लक्षात ठेवायला एक सोपी खूण. आपल्याच हाताची तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये साधारण जातात. कालपर्यंत जात होती आणि आज एकही जात नाही, तर हॉस्पिटल. आणि "जखम झाली होती का?" एवढंच विचारू नका, माणूस नाही म्हणतो. "गेल्या तीन आठवड्यांत काही टोचलं, खरचटलं, कापलं, कान वाहिला?" असं विचारा.

मग उपचार काय

आमच्या टीममध्ये सर्व्हर पडला की आम्ही तीन कामं करतो. बिघाडाचं मूळ बंद करायचं, अर्धवट फिरत असलेला चुकीचा डेटा अडवायचा, आणि बाकीची सिस्टिम चालू ठेवायची. आयसीयूतल्या डॉक्टरांनी मला उपचार समजावले तेव्हा मला हेच आठवलं.

पहिलं, विषाची फॅक्टरी बंद करणं. नानांची ती पेराएवढी जखम उघडून साफ केली. आत पत्र्याचा नाही, लाकडाचा बारीक कुसळ निघाला. सोबत अँटिबायोटिक, बहुतेक वेळा मेट्रोनिडॅझोल, सलाइनमधून.

दुसरं, मोकळं फिरणारं विष पकडणं. त्यासाठी ह्यूमन टेटॅनस इम्युनोग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शन असतं, म्हणजे तयार अँटिबॉडी. इथेच वेळेचा हिशोब येतो. हे औषध फक्त मोकळं विष पकडतं. जे नसेत जाऊन चिकटलं ते सुटत नाही. शुक्रवारी दिलं असतं तर जास्त पकडलं असतं, मंगळवारी रात्री कमी. मी हे डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "किती फरक पडला असता ते कुणीच सांगू शकत नाही." मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या की खरंच, माहीत नाही.

तिसरं, चिकटलेल्या विषाचा असर जाईपर्यंत माणूस टिकवणं. नसांची टोकं नव्याने तयार व्हावी लागतात, त्याला आठवडे लागतात. तोवर स्नायू सैल ठेवायला डायझेपामसारखी औषधं, मॅग्नेशियम, गरज पडली तर स्नायू पूर्ण लुळे करून व्हेंटिलेटर. अंधारी, शांत खोली. बीपी एकदम वर, एकदम खाली, तेही सांभाळायचं. नानांच्या गळ्याला छिद्र पाडून नळी घातली. एकोणीस दिवस व्हेंटिलेटर, एकूण चौतीस दिवस आयसीयू. मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसायचो. नर्स आत सोडायच्या तेव्हा चपला काढून, मोबाइल बंद करून जायचं. एकदा माझ्या हातून स्टीलचा डबा खाली पडला. नानांचं सगळं अंग ताठ झालं. डोळे उघडे, माझ्याकडे बघत होते. ते मला दिसत राहतं.

आयसीयूत एक गोष्ट कळली. धनुर्वात किती गंभीर आहे हे मोजायची एक पद्धत आहे, पटेल-जोग ग्रेडिंग. मुंबईचे डॉ. जे. सी. पटेल आणि डॉ. जी. जी. जोग यांनी ती १९५९ मध्ये मांडली. पाच गोष्टी बघायच्या: जबडा बंद आहे का, झटके आहेत का, जखमेपासून सात दिवसांच्या आत सुरुवात झाली का, पहिल्या लक्षणापासून ४८ तासांच्या आत झटके आले का, ताप आहे का. जेवढ्या गोष्टी लागू तेवढा ग्रेड वर. नानांना तीन लागू होत्या. मुंबईतच, जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. फारुख उदवाडिया यांनी धनुर्वाताच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि याच आजारावर आख्खं पुस्तक लिहिलं. एकेकाळी आपल्याकडे या आजाराचे इतके रुग्ण असायचे, की जगाला शिकवण्याइतका अनुभव इथे जमा झाला. ही अभिमानाची गोष्ट आहे की लाजेची, मला ठरवता आलेलं नाही.

एक जुनी गोष्ट, परळची

माती किती कमी लागते हे सांगतो. १९०२ साली परळच्या प्रयोगशाळेत डॉ. वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस बनवायचे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ लोकांना ती दिली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्या १९ जणांना एकाच बाटलीतून लस दिलेली होती. हाफकिन यांच्यावर ठपका आला, काम गेलं. पुढे बाहेर आलं, की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये त्याच संस्थेला त्यांचं नाव दिलं, आपली हाफकिन इन्स्टिट्यूट. जमिनीवर पडलेला एक चिमटा, १९ माणसं.

आणि पुण्याचं म्हणाल तर १९६६ मध्ये हडपसरला सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली तेव्हा त्यांचं सुरुवातीचं उत्पादन धनुर्वातावरचं सीरमच होतं, घोड्यांपासून केलेलं. वाघोलीहून मांजरीमार्गे गेलो तर तासाभरात पोचतो आम्ही तिथे. औषध एवढं जवळ आणि नानांना लस नाही.

टीटीबद्दल आपले गैरसमज

डॉक्टरांनी विचारलं, "यांना टीटी दिलंय का?" आम्ही छातीठोक सांगितलं, "हो, दोन वर्षांपूर्वी पायाला पत्रा लागला तेव्हा घेतलंय." त्या म्हणाल्या, "त्याआधी?" त्याआधी काही नाही.

इथे आपण सगळे फसतो. एक, एका इंजेक्शनने काम होत नाही. आधी कधीच घेतलं नसेल तर मोठ्या माणसाला तीन डोस लागतात. पहिला, मग किमान महिन्याने दुसरा, मग सहा महिने ते वर्षाने तिसरा. त्यानंतर दर दहा वर्षांनी एक बूस्टर. दोन, "टीटी सहा महिने चालतं" हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य चूक आहे. कोर्स पूर्ण असेल तर वर्षानुवर्षं चालतं, आणि कोर्सच नसेल तर सहा महिन्यांचाही भरवसा नाही. तीन, जखम झाल्यावर घेतलेली पहिलीच लस त्या जखमेपुरती उशिरा पोचते, शरीराला अँटिबॉडी बनवायला वेळ लागतो. म्हणून मळकी, खोल जखम असेल आणि आधीचे डोस नसतील किंवा आठवत नसतील, तर लसीसोबत तयार अँटिबॉडीचं इंजेक्शनही देतात. कोर्स पूर्ण असूनही शेवटचा डोस पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर अशा जखमेला बूस्टर घ्यायचा.

आता टीटीच्या जागी टीडी आलंय, त्यात घटसर्पाचीही लस असते. आपल्या सरकारी कार्यक्रमात ते दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात, आणि गरोदर बायकांना. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात संपल्याचं जाहीर झालं, ते मोठं यश आहे. पण यात कोण राहून गेलं बघा. देशात लसीकरणाचा कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. नाना त्याआधी जन्मले. पुरुष, म्हणून गरोदरपणातले डोसही नाहीत. काकूंना दोन बाळंतपणांत मिळाले, नानांना कधीच नाही. आपल्या घरातले साठीच्या पुढचे काका, मामा, आजोबा, सगळे याच रांगेत. आणि गोठ्यात, बांधकामावर, दगडखाणीत हात तेच घालतात.

अजून एक. धनुर्वात होऊन गेला म्हणून परत होणार नाही असं नाही. विष इतकं थोडं असतं की शरीर त्यातून काही शिकत नाही. म्हणून नानांना हॉस्पिटलमध्येच पहिला डोस दिला आणि पुढच्या तारखा लिहून दिल्या.

आता नाना

नाना घरी आहेत. आवाज थोडा घोगरा राहिलाय, गळ्याला खूण आहे. चेहरा बराचसा सरळ झाला, हसले की किंचित कळतं. म्हशी दोन विकल्या, दोन आहेत. दूध आता चुलतभाऊ घालतो. सुपारी सुटली, पण माझ्या सांगण्याने नाही. चौतीस दिवस तोंडात काही गेलंच नाही, म्हणून.

मी एकदा धीर करून म्हणालो, "नाना, त्या सोमवारी मी फोनवर..." त्यांनी पुढे बोलू दिलं नाही. म्हणाले, "तुला काय ठाव असणार? मलाच वाटलं सुपारीचंय." आणि मग विचारलं, "तू घेतलंस का ते इंजेक्शन?" मी घेतलं नव्हतं. सोळाव्या वर्षाचा डोस घेतल्याचं कुठे लिहिलेलं नाही, त्याआधीचं आईला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन पहिला घेतला. दोन राहिलेत, कॅलेंडरमध्ये टाकलेत.

तर आजचं काम. भाग संपला की घरी एक फोन करा. वडील, काका, मामा, कुणीही. "टीटी घेतलंय का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "किती घेतली आणि शेवटचं कधी?" असं विचारा. सोसायटीच्या माळीकाकांनाही विचारा, वॉचमनलाही. जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा, खाजगीतही ही लस महाग नाही. जखम झाली तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा. हळद, चुना, चहा पावडर, माती यातलं काही दाबू नका. आणि घरातलं कुणी म्हणालं, "जबडा धरलाय", तर मीटिंग सोडा आणि "कधीपासून?" एवढं विचारा.

हा भाग तुमच्या फॅमिली ग्रुपवर टाकलात तर बरं होईल. ऐकायला वेळ नसेल त्यांना हा मजकूर पाठवा. पुढच्या आठवड्यात पुन्हा आपले नेहमीचे विषय, पगाराच्या स्लिपमधल्या कपाती. तोवर काळजी घ्या. भेटू.